बँकेच्या लिलावातलं जुनं घर राहायला घेताना

लिलावाच्या नोटिशीत राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली घर विकलं जात नाही ती, सगळ्यांनाच दिसते. ताब्याचा रकाना मात्र थोडेच जण वाचतात, आणि घराचा खरा भाव तिथेच ठरतो. छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड इथे थकीत कर्जापोटी जप्त झालेली रो-हाऊस, फ्लॅट आणि बैठी घरं सतत लिलावाला निघतात. गुंतवणूकदार अशा घरात दोन वर्षं पैसे अडकवून थांबू शकतो. ज्याला स्वतः राहायला जायचं आहे त्याचं तसं नसतं. चालू घराचं भाडं आणि नव्या कर्जाचा हप्ता त्याला एकाच वेळी भरावा लागतो. पुढचा सगळा सल्ला अशा माणसासाठी आहे.

लिलाव कोणत्या कायद्याखाली आहे?

बँका आणि गृहकर्ज कंपन्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण मालमत्ता विकून थकीत कर्ज वसूल करण्याच्या कायद्याखाली, घर विकतात. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे. कर्ज थकल्यावर बँक आधी ६० दिवसांची मागणी नोटीस देते. मुदत उलटली की ताबा घेते आणि मग लिलावाची नोटीस काढते. पहिल्या लिलावाआधी ३० दिवसांची नोटीस लागते. तो फसला तर फेरलिलावाला १५ दिवसांची पुरते. कर्जदाराला सगळी थकबाकी भरून घर सोडवता येतं, पण २०१६ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. बँकेने ६० दिवसांची नोटीस नीट बजावली का, कर्जदाराच्या हरकतीला उत्तर दिलं का, ताब्याची नोटीस दोन वृत्तपत्रांत छापली का, हे प्राधिकृत अधिकाऱ्याला, म्हणजे बँकेतर्फे विक्री करणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारून प्रती पाहा. यातलं काही राहिलं असेल तर त्याचा फटका पुढे खरेदीदाराला बसतो.

पतसंस्थेचा लिलाव वेगळ्या वाटेने जातो. तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम १५६ आणि नियम १०७ यांखाली विशेष वसुली व विक्री अधिकारी करतो. तिथे बोलीच्या वेळी १५ टक्के आणि उरलेले १५ दिवसांत भरायचे असतात. विक्रीनंतर ३० दिवसांत कर्जदार पूर्ण थकबाकी आणि वर खरेदीदारासाठी ५ टक्के भरून लिलाव रद्द करून घेऊ शकतो. ते ३० दिवस संपेपर्यंत घरावर एक रुपयाही खर्च करू नका.

तिसरा प्रकार ठेवी बुडवलेल्या संस्थांच्या मालमत्तांचा. १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली सरकारने जप्त केलेलं घर विकायचं तर न्यायालय आणि सक्षम प्राधिकारी मध्ये येतात. मराठवाड्यात अशी प्रकरणं बरीच आहेत. गहाण ठेवणारा अशा संस्थेचा संचालक किंवा त्याचा नातेवाईक असेल, तर बँकेची नोटीस कितीही नीट असो, जप्तीची अधिसूचना निघाली आहे का हे आधी उपविभागीय अधिकारी कार्यालयात विचारा.

सरकारी बँकांची घरं ‘बँकनेट’ या पोर्टलवर एकत्र दिसतात. खासगी बँका आणि सहकारी संस्थांच्या नोटिसा अजूनही स्थानिक पेपरातच शोधाव्या लागतात. एकाच घराच्या जुन्या नोटिसाही काढून बघा. तिसऱ्यांदा लिलावाला आलेल्या घराची राखीव किंमत उतरलेली असते, पण ते दोनदा का गेलं नाही याला कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते ताब्याचंच असतं.

ताबा: प्रत्यक्ष की सांकेतिक?

सांकेतिक ताबा म्हणजे दारावर नोटीस चिकटवली आहे, पण आत कर्जदार किंवा त्याचा भाडेकरू राहतोच आहे. प्रत्यक्ष ताबा म्हणजे कुलूप आणि किल्ली बँकेकडे आहे. सांकेतिक ताब्याचं घर घेतलं, तर सरफेसीच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून आदेश, मग तहसीलदार, मग पोलीस बंदोबस्त, आणि मग कुलूप, एवढं सगळं व्हावं लागतं. कायद्यात आदेशासाठी ३० दिवस आणि कारणं नोंदवून जास्तीत जास्त ६० दिवस दिले आहेत. अंमलबजावणी मात्र बंदोबस्त मिळेल तेव्हा होते. सण, निवडणुका, दहावी-बारावीच्या परीक्षा यांत तारखा पुढे जातात.

राहायला घेणाऱ्याने सांकेतिक ताब्याच्या घरावर बोली लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तरीही घ्यायचंच असेल तर कलम १४ चा आदेश झालेला असावा आणि त्याची प्रत हातात असावी. आत भाडेकरू असेल तर त्याचा करार गहाणखताच्या आधीचा की नंतरचा, आणि तो नोंदणीकृत आहे का, हे बघा. आधीचा नोंदणीकृत करार असेल तर त्या घराच्या वाटेला जाऊ नका.

कर्जदाराने कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागितली आहे का, हेही तपासा. बँकेच्या कारवाईविरुद्ध तिथे ४५ दिवसांत अर्ज करता येतो. संभाजीनगरात हे न्यायाधिकरण आहे, आणि कर्जदाराच्या नावाने प्रकरण संकेतस्थळावर शोधता येतं. साध्या दिवाणी न्यायालयाला यात हात घालता येत नाही, पण वाटणीचा दावा चालू असलेली भावंडं मात्र तिथेच सापडतात. तालुका न्यायालयाच्या संकेतस्थळावर गहाण ठेवणाऱ्याचं आणि त्याच्या वडिलांचं नाव टाकून शोधलंच पाहिजे.

मराठवाड्यात कागद कुठे अडतात

इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा), मागच्या ३० वर्षांच्या मालकीचा शोध, सेरसाई या केंद्रीय नोंदवहीतली गहाणाची नोंद ही यादी कुठलाही वकील देईल. इथल्या जमिनींची गोष्ट थोडी जुनी आहे. निजामाच्या काळात निर्वाहासाठी किंवा सेवेबद्दल दिलेल्या इनाम, मदतमाश, खिदमतमाश जमिनींवर आज अख्ख्या वसाहती उभ्या आहेत. अशा जमिनीचा मूळ धागा मुंतखब, म्हणजे इनामाचा जुना सरकारी दाखला, आणि १९५४-५५ च्या खासरा पत्रकात सापडतो. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर ‘भोगवटादार वर्ग-२’ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल किंवा इतर हक्कात इनामाचा उल्लेख असेल, तर सक्षम परवानगीशिवाय झालेले जुने व्यवहार आजही प्रश्न उभे करतात. जुन्या शहरातल्या घरासाठी वक्फच्या नोंदीही बघाव्या लागतात. राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालय संभाजीनगरात पाणचक्कीलाच आहे, तेव्हा एक चक्कर मारायला हरकत नाही.

गुंठेवारीतलं, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरचं, घर असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मागा. २००१ च्या गुंठेवारी कायद्याला २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेता आली. प्रमाणपत्र नसेल तर पुढे बांधकाम परवाना आणि दुसऱ्या बँकेचं कर्ज दोन्ही अडतं. ग्रामपंचायत हद्दीत फक्त नमुना ८ चा उतारा दाखवतात. तो करआकारणीचा कागद आहे, त्याने मालकी सिद्ध होत नाही. जमीन अजून शेतीचीच असेल तर मामला आणखी गंभीर, कारण सरफेसी कायदा शेतजमिनीला लागूच होत नाही. अकृषिक आदेशाची प्रत बघितल्याशिवाय शहराच्या कडेचं घर घेऊ नका.

संभाजीनगरात सिडकोच्या एन-सेक्टरांमधल्या ज्या घरांचा भाडेपट्टा चालू आहे, तिथे हस्तांतरणाला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं. अतिरिक्त बांधकामाचा दंडही तिथेच निघतो. पुढचं अंगण झाकून काढलेली खोली त्या मोजणीत येते.

थकबाकी ही शेवटची पायरी. घरपट्टी, पाणीपट्टी, महावितरण, फ्लॅट असेल तर सोसायटी, या प्रत्येक ठिकाणाहून आजच्या तारखेचा आकडा लेखी घ्या. नोटिशीत ‘जसे आहे, जेथे आहे’ लिहिलेलं असतं, त्यामुळे हा बोजा तुमच्याकडे येतो. वीजजोडणी कायमची खंडित झाली असेल तर नवीन जोडणीचा खर्च वेगळा धरा.

पाहणी: काळ्या मातीचं घर कसं वाचायचं

पाहणीचा एकच दिवस मिळतो. सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि अनुभवी गवंडी न्या. पिशवीत टॉर्च, ओळंबा, लेव्हलचा पाइप, टेप आणि छोटी हातोडी ठेवा.

परभणी, हिंगोली, नांदेड, जालना या पट्ट्यात काळी माती खोल आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया उथळ असला की घर तिच्याबरोबर हलतं. त्यामुळे पाहणी एप्रिल-मेमध्ये मिळाली तर उत्तम, तेव्हा भेगा पूर्ण उघडलेल्या असतात. सप्टेंबरमध्ये तीच भिंत धडधाकट दिसते.

प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक, जाळीदार रेषा सोडून द्या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, वर रुंद आणि खाली निमुळती भेग हे पाया खचल्याचं लक्षण आहे. ती ५ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसत असेल आणि त्याच भिंतीतला दरवाजा अडकत असेल, तर इंजिनिअरच्या लेखी मताशिवाय पुढे जाऊ नका. ताजी पुट्टी मारलेली भिंत दिसली तर हातोडीने ठोका. भेग पुट्टीखाली झाकलेली असेल तर आवाज पोकळ येतो. लेव्हल पाइपने फरशीचे चार कोपरे मोजा. एक कोपरा दीड-दोन इंच खाली असेल आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला न्हाणीचं पाणी मुरत असेल, तर कारण तुमच्या समोर आहे. पायाला लागून वाढलेला पिंपळ किंवा उंबर दिसला तरी मुळांचा विचार करा.

स्लॅब खालून बघा. तपकिरी ओघळ, सळईच्या रेषेत सुटलेलं काँक्रीट, पांढरा क्षार हे सळई गंजल्याचं दाखवतात. वर गच्चीवर जाऊन कोबा, म्हणजे स्लॅबवरचा गळतीरोधक थर, किती पदरांचा आहे ते पाइपच्या तोंडाशी बघा. गळती थांबवायला जुन्या कोब्यावर नवा कोबा घालायची वाईट सवय इथे फार आहे. ४ इंच जाडीच्या विटांच्या तुकड्यांच्या कोब्याचं वजन चौरस फुटाला १८-१९ किलो भरतं. ५०० चौरस फुटांच्या गच्चीवर असा एक जादा थर म्हणजे ९ टनांहून जास्त ओझं.

जुन्या गावठाणातली माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं स्वस्तात मिळतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशीच घरं जास्त कोसळली. दोन पदरी दगडी भिंत, मातीचा जोड, दोन पदरांना बांधणारा आरपार दगड नाही, आणि वर दरवर्षी वाढत गेलेला पांढऱ्या मातीचा थर. असं घर घ्यायचं तर छताची माती उतरवणं आणि भिंतीत उंचीला दर २ फुटांवर व लांबीला दर ४ फुटांवर आरपार छिद्र पाडून सळई-काँक्रीटचे बांध घालणं हा खर्च पहिल्या दिवसापासून धरा.

पाण्याकडे दुर्लक्ष नको. बोअर किती फूट, मे महिन्यात किती वेळ चालतो, नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे शेजाऱ्यांना विचारा. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा हौदाची क्षमता इथे शोभेची बाब नाही. ताबा मिळाल्यावर हौद भरून खूण करा. २४ तासांत न वापरता पाणी उतरलं तर तळ किंवा कोपरा फुटलेला आहे.

बोलीचा कमाल आकडा

समजा त्याच गल्लीत निर्वेध, राहण्याजोगं घर ३४ लाखांना मिळतं. दुरुस्तीचा अंदाज साडेचार लाख. बंद घरात भिंत उघडल्यावर काम वाढतंच, म्हणून त्यावर २० टक्के, म्हणजे ९० हजार. थकबाकी ६० हजार. राहायला जाईपर्यंतचं भाडं आणि व्याज १ लाख २० हजार. वकील व इंजिनिअर ४० हजार. वजाबाकी केल्यावर २६ लाख ४० हजार उरतात. लिलावाची अनिश्चितता पत्करण्याबद्दल बाजारभावाच्या किमान १० टक्के सूट मिळायला हवी. ते ३ लाख ४० हजार काढले की कमाल बोली २३ लाख. मुद्रांक शुल्क दोन्हीकडे लागतं, म्हणून ते यात वजा केलेलं नाही, पण रक्कम हाताशी हवीच.

आता नोटिशीत राखीव किंमत २४ लाख असेल तर बोली लावायची नाही. फेरलिलावाची वाट बघायची. लिलावाच्या दिवशी स्क्रीनवर आकडे धावू लागले की आणखी ५० हजारांनी काय होतं, असं वाटतं. म्हणून कमाल आकडा आदल्या दिवशी कागदावर लिहून घरच्यांसमोर ठेवा.

पैसे भरण्याच्या तारखा

बयाणा रक्कम बहुतेक राखीव किमतीच्या १० टक्के असते. पोर्टलवरची नोंदणी आणि केवायसी दोन-तीन दिवस आधी उरका. ज्याच्या नावाने बोली लागते त्याच्याच नावाने विक्री प्रमाणपत्र निघतं, नंतर नाव घुसवता येत नाही. राहतं घर पूर्णपणे महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, तेव्हा हा निर्णय पोर्टलवरच्या नोंदणीआधीच घ्या.

राखीव किंमत २२ लाखांवर आली आणि बोली साडेबावीस लाखांना सुटली असं धरू. बयाणा २ लाख २० हजार आधीच भरलेला आहे. बोलीच्या २५ टक्के म्हणजे ५ लाख ६२ हजार ५००. त्यातला फरक, ३ लाख ४२ हजार ५०० रुपये, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायचा. उरलेले १६ लाख ८७ हजार ५०० विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तर मुदत वाढते, पण एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त होते, आणि अशी जप्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये वैध ठरवली आहे. गृहकर्ज १५ दिवसांत नव्याने मंजूर होणं कठीण. मंजुरीपत्र लिलावाआधी हातात ठेवा. जी बँक घर विकते तिच्याकडेच कर्ज मागणं सोपं पडतं, कारण मूळ कागद तिच्याच कपाटात असतात. ५० लाख किंवा त्याहून मोठा व्यवहार असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरणं ही खरेदीदाराची जबाबदारी आहे.

प्रमाणपत्र, नोंदणी, किल्ली

पूर्ण पैसे भरल्यावर प्राधिकृत अधिकारी विक्री प्रमाणपत्र देतो. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. महापालिका हद्दीत मुद्रांक ६ टक्के आणि नोंदणी १ टक्का, कमाल ३० हजार, असं धरा. रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारी दरपत्रकाचा, आकडा बोलीपेक्षा जास्त असेल तर तो धरूनच पैसे बाजूला ठेवा. मग मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर फेरफार, घरपट्टीवर नाव, वीजमीटरवर नाव. बँकेचा बोजा इतर हक्कातून कमी झाल्याची नोंद स्वतः तपासा, आणि मूळ दस्तांची यादी करून सही घेऊन ताब्यात घ्या.

किल्ली घेताना प्रत्येक खोलीचा पंचनामा, फोटो, मीटरचं रीडिंग. जुन्या मालकाचं सामान आत असेल तर त्याची यादी बँकेने करून तिनेच ते हलवायचं. तुम्ही एकही भांडं बाहेर काढू नका. कुलपं त्याच दिवशी बदला. विक्रीविरुद्ध न्यायाधिकरणात जाण्याची ४५ दिवसांची मुदत संपेपर्यंत तोडफोडीचं मोठं काम टाळा. तेवढ्यात सफाई, वाळवीचा बंदोबस्त आणि अंदाजपत्रक होऊन जातं.

दुरुस्तीचा क्रम

सुरुवात घराबाहेरून. काळ्या मातीच्या घराभोवती ४ ते ५ फूट रुंद मुरूम दाबून वर बाहेर उताराचा पक्का पट्टा करा, आणि गच्चीचं व न्हाणीचं पाणी पाइपने लांब न्या. पायाजवळचा ओलावा वर्षभर सारखा राहिला की भिंतीची हालचाल थांबते. ही पायरी सोडून भेगा भरल्या तर पुढच्या उन्हाळ्यात त्या पुन्हा उघडतात.

वाळवीसाठी भिंत आणि फरशीच्या सांध्यात १ फुटाच्या अंतराने १२ मिलिमीटरची छिद्रं, प्रत्येकी १ लिटर द्रावण. क्लोरपायरिफॉस २० टक्के असेल तर १ लिटर औषधात १९ लिटर पाणी. हे काम फरशी बदलायच्या आधी आणि प्रशिक्षित माणसाकडूनच.

गच्चीवर जादा कोबा उतरवा, १० फुटांना सव्वा इंच उतार द्या, कठड्याच्या सांध्यात वाटा (सिमेंटची गोलाई) मारा, आणि ४८ तास पाणी साठवून खालून बघा. स्लॅबचं गंजलेलं काँक्रीट टेकू लावल्याशिवाय फोडू नका. सळईच्या मागेपर्यंत सैल भाग काढून, गंज घासून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मॉर्टर भरा. गच्ची कोरडी झाल्याशिवाय खालून भरलेलं काँक्रीट वर्षात सुटतं.

वायरिंग जुनं असेल तर पूर्ण बदला: दिव्यांना १.५, प्लगला २.५, गीझर-एसीला ४ चौरस मिलिमीटर, आणि शॉक लागताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. अर्थिंग नवं घ्या आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालायची सोय ठेवा, कारण कोरड्या जमिनीत अर्थिंग काम करत नाही. गंजलेले जीआय पाइप काढून सीपीव्हीसी टाका.

भेगा या सगळ्यानंतर भराव्या. त्यांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण आणि तारीख लिहा, एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. खुणेपुढे भेग सरकली नाही तर व्ही आकारात खाच पाडून पॉलिमर मॉर्टर आणि वर कोंबडी जाळी लावून प्लास्टर करा. पुट्टी आणि रंगाचा खर्च तोपर्यंत राखून ठेवा, आणि तेवढे महिने चुन्याच्या रंगावर भागवा.